शमीम मॅडमनी कोरी ठेवलेली जागा

१८ एप्रिल. वार्षिक मूल्यमापन अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत द्यायचे होते. माझ्या वर्गात अकरा मुलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दहा अहवाल लिहून झाले. अकरावा गौरीचा. त्यातल्या एका ओळीवर मी अडकले.

आमची शाळा नाशिक रोडला आहे, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची. आमच्याकडे पास-नापास नसतं. प्रत्येक मुलाचा एक फॉर्म असतो. त्यात एकाखाली एक कामं छापलेली असतात: शर्टाची बटणं लावणे, डबा उघडणे, स्वतःचं नाव सांगणे. प्रत्येक कामापुढे तीन चौकटी. मूल ते काम स्वतंत्रपणे करतं, तोंडी सूचना दिल्यावर करतं, की हात धरून करून घ्यावं लागतं. एका चौकटीत खूण करायची आणि पुढे शेऱ्याच्या जागेत आपण काय पाहिलं ते लिहायचं.

मी अडकले ती ओळ अशी होती: 'ठरलेल्या मार्गावर बसने एकटी प्रवास करते.' लिहिण्याआधी मी मागच्या वर्षीचा फॉर्म काढला. तेव्हा गौरी शमीम मॅडमच्या वर्गात होती. तेच त्यांचं निवृत्तीचं वर्ष. त्यांनी 'स्वतंत्रपणे' या चौकटीत खूण केली होती. शेरा कोरा.

गौरी जूनमध्ये अठरा वर्षांची होणार होती. त्यानंतर तिला शाळेत ठेवता येत नाही. शाळेपासून जवळच मोठ्या मुलांची एक कार्यशाळा आहे, तिथे फायली आणि पाकिटं बनवतात. त्यांच्याकडे एक जागा होती. अट एकच, की मुलगी स्वतःची स्वतः यायला हवी आणि शाळेच्या अहवालात तसं लिहिलेलं हवं. तो अहवाल त्यांनाही दुसऱ्या दिवशी बारापर्यंतच हवा होता. गौरीचं घर सायखेड्याला. वर्षभर वडील तिला मोटरसायकलवरून सोडत होते. त्याच दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "मॅडम, जूनपासून मला नाय जमणार. भाजीचा टेम्पो घेतलाय, उजाडायच्या आत निघावं लागतंय. जागा भेटली तर लय बरं होईल. नाय तर राहील घरी."

घरी राहिलेली मुलं मी पाहिलेली आहेत. दोन वर्षांनी बाजारात भेटतात तेव्हा शिकलेलं निम्मं गेलेलं असतं. आई सांगते, "बसूनच असते."

मागच्या वर्षीची खूण उतरवून काढली असती तर काम झालं असतं. पण मी गौरीला बसमधून एकटी येताना एकदाही पाहिलं नव्हतं. ती भलत्याच थांब्यावर उतरली तर तिला पत्ता सांगता येत नाही. खूण दुसऱ्या कुणाची असती तर मी फार विचार केला नसता. मागच्या वर्षीचं बघून लिहिणं शाळेशाळेतून चालतं, मीही घाईत कधी केलेलं आहे. पण ही खूण शमीम मॅडमची होती. शमीम मॅडमनी शेरा कोरा ठेवलाय असं मी सतरा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांचे शेरे जागेत मावत नसत. कागद जोडावा लागे.

मी शाळेत आले तेव्हा शमीम मॅडम तिथे मुरलेल्या होत्या. उंच, काटक, सुती साडी, खांद्यावर दोन पिना. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, म्हणजे आपण वेळ बघतोय हे समोरच्या मुलाला कळू नये. पर्समध्ये बडीशेपेची डबी आणि रबर लावलेली एक छोटी वही. मुलांशी बोलताना त्यांचा आवाज लाडिक होत नसे. बँकेच्या खिडकीवर बोलावं तसं त्या बोलत. स्पष्ट, एकदाच, आणि उत्तराची वाट बघत. मुलं त्यांचं ऐकत. मला याचा रागच येई, कारण मी दिवसभर गाणी म्हणून घसा बसवून घ्यायची आणि माझं कुणी ऐकत नसे.

मी लिहिलेला पहिला अहवाल ओंकार नावाच्या मुलाचा होता. 'मूल हसरे असून सर्वांत मिसळते. प्रगती समाधानकारक.' मला तो बरा जमला असं वाटत होतं. मॅडमनी तो वाचला आणि मुलाच्या नावावर बोट ठेवलं.

"आता सांग, कोणाचा आहे?"

मी म्हटलं, "ओंकारचा."

"ते तुला माहीत आहे म्हणून. नाव झाकलं तर आपल्या वॉचमनचा पण होईल. तोही हसरा आहे, सर्वांत मिसळतो."

मग त्यांनी मला एक नियम सांगितला. तीन वेळा बघितल्याशिवाय खूण करायची नाही. तीन वेगळ्या दिवशी, जमलं तर वेगळ्या जागी. आणि शेऱ्यात मूल कसं आहे ते लिहायचं नाही, काय झालं ते लिहायचं.

त्याच अहवालात मी ओंकारच्या बटणांपुढे 'स्वतंत्रपणे' अशी खूण केली होती. मॅडम म्हणाल्या, "दाखव." मी ओंकारसमोर बसले. त्याने पाचही बटणं लावली. मी विजयी मुद्रेने मॅडमकडे बघितलं.

"आता भिंतीकडे तोंड करून बस," त्या म्हणाल्या.

मी बसले. मागे काहीच आवाज नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी 'ओंकार, लाव ना' म्हणणार तेवढ्यात मॅडमचा हात खांद्यावर आला. वळून बघितलं तर तो पहिलं बटण चिमटीत धरून माझ्या पाठीकडे बघत उभा होता.

"प्रत्येक बटणाला तू मान हलवतेस," मॅडम म्हणाल्या. "बटण तो लावतो, पण झालं का, पुढचं घेऊ का, हे तुझी मान सांगते. घरी जाताना तुझी मान घेऊन जाणार आहे का तो?"

मी मान हलवते हे मला खरोखर माहीत नव्हतं. घरी जाऊन नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "हलवतेस की. टीव्हीवरच्या बातम्यांनाही हलवतेस."

मॅडम स्वतः मुलांना तपासताना पाठ करून उभ्या राहत. कानाने ऐकत, मधूनच वहीत रेघ ओढत. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला हळूच विचारलं होतं, या बाईंना कोपऱ्यात का उभं केलंय. मुलाने काम केलं की त्या शाबासकी देत नसत. फक्त "झालं" म्हणत. शाबासकी दिली की पुढच्या वेळी मूल कामाकडे न बघता आपल्या तोंडाकडे बघतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते निर्दय वाटे. पण 'झालं' ऐकून ओंकारच्या तोंडावर जे यायचं ते माझ्या टाळ्यांनी कधी आलं नाही, हेही खरं. यातलं बरोबर कुठलं, ते मला अजून सांगता येणार नाही.

त्यांचं वागणं एका सूत्रात बसत नसे, हीच माझी मोठी अडचण होती. एका मुलीचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. अहवाल हातात पडल्यावर ते अवघडून म्हणाले, "मॅडम, जरा बरं काही लिहिता येईल का? माझी आई वाचते हो. चष्मा लावून दोन-दोनदा वाचते आणि मग जेवत नाही."

मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. मॅडम म्हणाल्या, "अहवालात बदल होणार नाही. आजींना मी वेगळं पत्र देते." आणि त्यांनी खरंच पानभर पत्र लिहिलं. अमुक दिवशी तुमच्या नातीने पडलेली बाटली आपणहून उचलून ठेवली, अमुक दिवशी रडणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसली. सगळं तारखेनिशी, सगळं खरं. मी विचारलं, हे खरं आहे तर अहवालातच का नाही घातलं?

"त्याला तिथं चौकट नाही."

"मग शेऱ्यात लिहायचं."

"शेरा सरकारी आहे. हे आजीचं आहे."

मला हे उत्तर कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, "तू फार खोलात जातेस, वर्षा. चहा घे."

त्या चुकत नसत असंही नाही. विकी नावाच्या मुलाच्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं, 'बोलणे: दोन शब्द.' तीन वेळा बघून, नियमाप्रमाणे. पालकांसमोर अहवाल मोठ्याने वाचून दाखवायची त्यांची पद्धत होती. विकीची आई सटाण्याकडची, नवऱ्याच्या कामामुळे नाशिक रोडला आलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, मना पोऱ्या घर बोलस. तुमना शाळामा बोलत नई."

घरी बोलतो, तुमच्या शाळेत बोलत नाही. आया असं म्हणतातच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मॅडम त्या संध्याकाळी विकीच्या घरी गेल्या आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून दोन तास बसल्या. नंतर आणखी दोनदा गेल्या. पोरगा बोलत होता, पण अहिराणीत. आम्ही त्याला चित्रं दाखवून विचारत होतो ते पुस्तकी मराठीत, आणि तो गप्प राहत होता. मॅडमनी अहवालाला कागद जोडला. त्यावर विकीचे सगळे शब्द लिहिलेले, अर्थासहित. खाली एक ओळ: 'मुलाला भाषा येते. तपासणाऱ्याला येत नव्हती.' मुख्याध्यापिका म्हणाल्या, असं लिहिलं तर शाळेचं हसं होईल. मॅडम म्हणाल्या, "होऊ दे. शब्द तर मोजले गेले."

तर अशी बाई. तिने एका मुलीला 'स्वतंत्रपणे' बसमध्ये बसवलं आणि शेरा कोरा ठेवला. विसरली असेल? निवृत्तीच्या गडबडीत राहून गेलं असेल? की बघितलंच नसेल? शेवटची शंका मनात आली आणि माझी मलाच लाज वाटली. पण ती गेली नाही. फोन लावला तर उचलला नाही. शाळा सुटल्यावर मी सरळ त्यांच्या घरी गेले.

मॅडम जवळच्याच एका कॉलनीत राहतात, दुसऱ्या मजल्यावर. समोरासमोर दोन फ्लॅट, एक त्यांचा, एक थोरल्या दिरांचा. दोन्ही दारं दिवसभर उघडी असतात, त्यामुळे कुठली खुर्ची कुणाची ते कळत नाही. कुठल्या दाराने आत जायचं ते फरीदाभाभींनी दाखवलं. या मॅडमच्या थोरल्या जाऊ. मॅडम जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "अहवाल झाले?"

"दहा झाले. गौरीचा राहिलाय. बसची ओळ."

त्यांचे हात थांबले. मग परत चालू झाले.

"कोणीतरी विचारणार हे माहीत होतं मला. वर्ष लावलंत तुम्ही लोकांनी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. निवृत्तीच्या आधीचे चार महिने त्या गौरीला बस शिकवत होत्या. पहाटे सायखेड्याला जायचं आणि तिच्याबरोबर परत यायचं. आधी शेजारी बसून, मग एक सीट सोडून, मग बसच्या दुसऱ्या टोकाला. गौरी येत होती. पण मॅडम बसमध्ये आहेत हे तिला ठाऊक असताना येत होती. मॅडम नसताना येते का, हे बघायचं तर मॅडमनी तिथं असूनही नसायला हवं.

"शाळेत मी पाठ करते. बसमध्ये पाठ करून काय उपयोग? ती मला बघणारच. मग मी भाभींकडे बुरखा मागितला."

आतून फरीदाभाभी पाण्याचा ग्लास घेऊन आल्या त्या हसतच. "तीस साल बोली मैं इसको, एक बार पहन के तो देख. नहीं पहनी. और एक दिन सबेरे सबेरे आके बोलती, भाभी, बुरखा देव. मैं समझी, अल्ला ने सुन ली मेरी. ये तो चली पोरी के पीछे बस में."

"बुरख्याच्या बाहीला निळी पट्टी आहे," मॅडम मला म्हणाल्या, जणू हे महत्त्वाचं आहे. "आधीच्या बसने गेले. सायखेड्याच्या थांब्यावर बायकांच्यात उभी राहिले. गौरीला तिच्या वडिलांनी सोडलं आणि ते मागे फिरले, मी तसं सांगितलं होतं. बस आली. ती चढली. पास दाखवला. खिडकीपाशी बसली. मी तिच्या मागे तीन सीट. मी खोकले नाही, बोलले नाही, तिकिटाला नुसते पैसे पुढे केले. नाशिक रोड आलं. ती उतरली. तिच्यामागे मी उतरले."

"मग झालं की. एकटी आली."

"ऐक. उतरून ती चार पावलं गेली. थांबली. वळली. सरळ माझ्यासमोर आली आणि म्हणाली, 'मॅडम, चला.'"

"कशावरून ओळखलं तिने?"

"कशावरून ओळखलं ते सोड," मॅडम म्हणाल्या. "चालण्यावरून असेल, हातावरून असेल. कधी ओळखलं? उतरल्यावर ओळखलं असेल, तर ती एकटी आली. सायखेड्याच्या थांब्यावरच ओळखलं असेल, तर ती एकटी आली नाही. मी तिला आणलं, मागे बसून."

"तिला विचारलं नाहीत?"

"दहादा विचारलं. गौरी, मी तुला कुठे दिसले? सायखेड्याला? 'हो.' बसमध्ये? 'हो.' खाली उतरल्यावर? 'हो.' तिला वाटलं, हो म्हटलं की मी खूश होते. आणि होत असेन. माझीही मान हलत असेल."

"मग आणखी दोन वेळा बघायचं. तुमचाच नियम."

"चार दिवस उरले होते शाळेचे. दोन वेळा सहज बघता आलं असतं." त्यांनी मेथीची काडी मोडली. "नाही गेले."

"का?"

"माहीत नाही."

"आणि खूण?"

"खूण केली. मग शेरा लिहायला पेन टेकवलं तर काय लिहू तेच सुचेना. 'एकटी आली' लिहू की 'आणली' लिहू? अर्धा तास बसले होते. ठेवला कोरा."

"खूण तरी का केलीत मग?"

"तेही माहीत नाही, वर्षा. तू काय मला फॉर्म भरायला लावतेस?"

मला त्यांचा राग आला. सतरा वर्षं या बाईने मला एक खूण सुखाने करू दिली नव्हती, आणि आपण मात्र माहीत नाही म्हणून मोकळी. पण त्या मोकळ्या दिसत नव्हत्या. निवडलेली मेथी त्यांनी देठांच्या ढिगात टाकली होती आणि त्यांना ते कळलं नव्हतं. भाभींनी न बोलता ती उचलून वेगळी केली.

मी म्हटलं, "उद्या बारापर्यंत फॉर्म द्यायचाय. सकाळची बस बघता येईल. पण मी गेले तर ती मला ओळखणार. तुम्ही गेलात तर तुम्हाला."

"मैं जाती ना," फरीदाभाभी म्हणाल्या. "मेरे को कहाँ पहचानती वो?"

मॅडमनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू भाभी त्या घरात आजच राहायला आल्या आहेत.

"बुरखा कोणता घालशील? पट्टीचा नको. तिला पट्टी लक्षात असेल."

"पड़ोस की सलमा का पहनूंगी."

"तिच्याकडे बघायचं नाही. हसायचं नाही. ती चुकीच्या बसकडे गेली तरी लगेच हाक मारायची नाही, आधी बघायचं, परत येते का."

"इत्ता समझता मेरे को."

"शेजारी जागा रिकामी असली तरी तिथं बसायचं नाही."

"और गिर-बिर गई तो?"

मॅडमनी हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "गिरी तो उठाने का, भाभी. रिपोर्ट का बाद में देखेंगे."

मी तिथूनच गौरीच्या वडिलांना फोन केला. बरोबर आमचं एक माणूस असेल, पण गौरीला ते सांगायचं नाही, हे समजावलं. ते म्हणाले, "तिची आई नको म्हणती. पण पाठवतो. पास चालू हाय अजून, कपाटात." भाभींना त्यांचा मुलगा सकाळी स्कूटरवरून सायखेड्याला सोडणार असं ठरलं.

निघताना मागे वळून बघितलं. दोन्ही दारांच्या मधल्या जागेत दोन खुर्च्या एकामागे एक मांडून मॅडम भाभींना कुठे बसायचं ते दाखवत होत्या. पुढच्या खुर्चीवर त्या स्वतः बसल्या होत्या, गौरी म्हणून. मागच्या खुर्चीवर भाभी. मॅडम एकदम मागे वळल्या आणि म्हणाल्या, "बघितलंस ना माझ्याकडे?" भाभी म्हणाल्या, "तू पलटी तो देखूंगी नहीं?" मी जिना उतरले. वरून बराच वेळ दोघींचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाशिक रोडच्या थांब्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, मशीनच्या मागे जाऊन उभी राहिले. दुकानदाराने दोनदा विचारलं काय काढायचंय. शेवटी मी गौरीच्या जुन्या फॉर्मच्या दोन प्रती काढायला दिल्या.

बस वीस मिनिटं उशिरा आली. पुढच्या दाराने माणसं उतरू लागली. मी मोजत होते. दोन कॉलेजची मुलं, पिशव्या घेतलेल्या दोन बायका, एक म्हातारा, त्याला धरणारा एक जण. सातवी गौरी. पाठीला दप्तर, हातात पास तसाच धरलेला. ती खाली उतरून उभी राहिली. एक रिक्षा गेली, दुसरी गेली. मग ती शाळेच्या रस्त्याला लागली. मागे वळली नाही. भाभी सगळ्यांत शेवटी उतरल्या. एकूण दहा जण.

भाभी दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"अकेली चढ़ी," त्या म्हणाल्या. "पास दिखाई. खिड़की को बैठी. मेरे तरफ एक बार भी नहीं देखी."

"आणि उतरताना? आपली आपण उठली?"

"कंडक्टर चिल्लाया, चलो नाशिक रोड, नाशिक रोड. फिर उठी."

मी म्हटलं, "म्हणजे त्याने सांगितल्यावर." तोंडी सूचनेची चौकट माझ्या डोळ्यांसमोर आली. "तिच्याकडे बघून ओरडला का तो?"

"सब के ऊपर चिल्लाया."

"आणि तो ओरडला नसता तर?"

"तो मैं भी नहीं उतरती," भाभी म्हणाल्या. "मेरी तो आँख लग गई थी."

म्हणजे मधला किती प्रवास त्यांनी बघितला होता, तेही आता धड कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मॅडमचा होता. भाभींनी तो माझ्या हातात दिला.

"पोचली का?"

"पोचली."

पलीकडे खुर्ची सरकली. मग त्यांचा नेहमीचा आवाज आला. "सूचना?"

"कंडक्टरने थांब्याचं नाव सांगितलं. मग उठली."

"तिला सांगितलं की सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"हं."

"काय लिहू, मॅडम?"

"मला काय विचारतेस? मी रिटायर आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी शाळेत आले. गौरी वर्गात बसून डब्याच्या पिशवीची गाठ सोडत होती. मी तिला काही विचारलं नाही. हो म्हणाली असती. फॉर्म काढला आणि बसच्या ओळीपुढे 'स्वतंत्रपणे' या चौकटीत खूण केली. ती बरोबर केली की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आत्ताही नाही. शेऱ्याच्या जागेत लिहिलं:

'१९ एप्रिल. सायखेडा ते नाशिक रोड. एकदाच पाहिले. बसमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. चढली, पास दाखवला. कंडक्टरने थांब्याचे नाव पुकारल्यावर उतरली. त्याच हाकेवर आणखी नऊ प्रवासी उतरले.'

खाली सही केली आणि पावणेबाराला फॉर्म कार्यशाळेत नेऊन दिला.